पंखा बंद ठेवणाऱ्या साबिराआपा

आमच्या घरात भर उन्हाळ्यात पंखा बंद झाला की बायको आतून विचारते, "आज कुणाच्या कोडवर संक्रांत आली?" टेबलावर कागदाच्या पट्ट्या पसरलेल्या असतात, पंखा लावला तर त्या उडतात, आणि एक जरी पट्टी पलंगाखाली गेली तरी सकाळभराची मेहनत वाया जाते. हे खूळ माझं नव्हे. ते मी कर्जतच्या भिसेगावातून उचललं, साबिराआपांकडून. आपा आता नाहीत. त्यांच्यावर लिहायला मी लायक माणूस नाही, पण त्यांना ओळखणारे बाकीचे लोक लिहिणार नाहीत. अर्धे सातासमुद्रापार आहेत आणि उरलेल्या अर्ध्यांना त्या 'काँप्युटर दुरुस्त करणारी बाई' वाटायच्या.

काँप्युटर असो, मोबाइल असो की दवाखान्यातलं एखादं यंत्र, त्याच्या पोटात एक मूळ प्रोग्राम असतो. त्याला कर्नल म्हणतात. कोणी काम करायचं, कोणी थांबायचं, कोणी झोपायचं आणि झोपलेल्याला कधी उठवायचं, हे सगळं तो ठरवतो. असा एक कर्नल जगभरातली माणसं मिळून लिहितात. कुणीही त्यात दुरुस्ती सुचवावी. तिला आम्ही पॅच म्हणतो. पॅच सगळ्यांसमोर मेलवर येतो, आणि ज्यानं तो ओळीनं ओळ वाचला असेल तो खाली आपलं नाव लिहितो. 'तपासलं : अमुक अमुक.' एवढंच. पण ते नाव म्हणजे त्या माणसाची जबान असते. खाली 'तपासलं : साबिरा मुकादम' असलं, की भलेभले लोक तो पॅच पुन्हा वाचायच्या भानगडीत पडत नसत.

आणि या बाईंकडे भिसेगावातले लोक प्रिंटर घेऊन यायचे. कळंबकडचा एक रिसॉर्टवाला तर दर आठवड्याला फोन करून वायफाय रडतंय म्हणून स्वतः रडायचा. आपा त्याला एकच सांगायच्या, "बंद कर, चालू कर." तो धन्य होऊन फोन ठेवायचा. मग त्या माझ्याकडे बघून म्हणायच्या, "बंद करून चालू केलं की रोग बरा झाला, हे लोकांना आपल्याच धंद्यानं शिकवलं. आता भोगा." शनिवार-रविवार मुंबईहून येऊन स्विमिंग पुलात पाय सोडून बसणाऱ्या मंडळींचे व्हिडिओ अडकू नयेत, एवढ्यासाठी हा माणूस आपांशी बोलत होता. आपल्या पॅचवर आपा विचारतील त्या एका 'का?'ची वाट बघत परदेशातले लोक आठवडा आठवडा थांबायचे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

त्यांचं चरित्र मला ठाऊक नाही आणि मी ते विचारलंही नाही. पुण्यात बरीच वर्षं नोकरी केली, आईच्या आजारपणात भावाच्या घरी परत आल्या, आई गेल्यावर तिथेच राहिल्या. लग्न का केलं नाही याची भिसेगावात चार वेगवेगळी कारणं सांगत, चारही ठामपणे. भाऊ यासीनभाईंचं बाजारात भांड्यांचं दुकान. घरात भावजय, रुकय्याभाभी. मुकादमांचं मूळ गाव श्रीवर्धनकडचं, पण तीन पिढ्या कर्जतची हवा खाऊन बोली अगदी आमच्यासारखी झालेली. आपांच्या बोलण्याचा मात्र एक कायदा होता. खुशीत असल्या की त्या गावचं बोलत, हाय-नाय, रं-गं. रागावल्या की मराठी एकदम पाठ्यपुस्तकातली व्हायची. त्यामुळे त्यांनी 'नाही' असं स्वच्छ म्हटलं की समोरच्यानं चपला शोधाव्यात.

त्यांची तपासायची पद्धत अशी. कोड स्क्रीनवर वाचायचा नाही. छापून घ्यायचा, एका प्रोसेसरवर, म्हणजे यंत्राच्या एका मेंदूवर, चालणाऱ्या ओळी पांढऱ्या कागदावर, दुसऱ्यावर चालणाऱ्या पिवळ्या कागदावर. मग शिवणाच्या कात्रीनं एकेक ओळ कापून पट्ट्या करायच्या आणि जेवणाच्या टेबलावर त्या एकमेकींत मिसळायच्या. पांढरी, पिवळी, पिवळी, पांढरी. मग दुसऱ्या क्रमानं. मग तिसऱ्या. दोन प्रोसेसर एकाच वेळी काम करतात, त्यात कोण कुणाच्या आधी पोचेल याचा भरवसा नसतो. शंभर वेळा बरोबर चालेल आणि एकशे एकाव्या वेळी गळा कापेल. तो एकशे एकावा क्रम शोधून काढणं, हे त्यांचं काम. त्यासाठी पंखा बंद.

रुकय्याभाभींचा या सगळ्या शास्त्रावर अजिबात विश्वास नव्हता. "परत बंद केलास गं पंखा? आमी काय मरायचं का उकडून?" हे वाक्य मी त्या घरात इतक्यांदा ऐकलंय की आजही पंखा बंद केला की कानात वाजतं. आपा मान वर न करता म्हणत, "मरू नकोस. पंधरा मिन्टं थांब." ती पंधरा मिनिटं दोन तासांची असत. वीज गेली की भाभींना तेवढाच दिलासा. निदान आज नणंदेनं केलं नाही, म्हणायच्या.

मी या घरात शिरलो तो आमच्या कंपनीच्या कामाला. खालापूरच्या बाजूला आमचं ऑफिस. पेशंटला थेंबाथेंबानं औषध देणारे पंप आम्ही बनवत होतो. नळी तुंबली की पंपानं भोंगा वाजवायचा, म्हणजे नर्स धावत येईल. हा भोंगा वाजवणारा कोड कर्नलमधला, आणि तो मी लिहिलेला. बहुतेक वेळा भोंगा वाजायचा. कधीतरी, महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या पंपात, नळी तुंबायची आणि पंप गप्प. आमच्या चाचणीच्या खोलीत हे दोनदा घडलं. ज्या हॉस्पिटलला पंप जायचे होते त्यांनी अट घातली, की या दुरुस्तीखाली कंपनीबाहेरच्या जाणकाराचं नाव हवं. आमचे साहेब पोतनीस यांनी कुठूनसं शोधून काढलं की असं नाव कर्जतमध्येच आहे. "अरे संदेश, दाराशीच आहे की! तू कळंबचा ना? जा, घेऊन ये सही." जणू रेशनकार्डावर शिक्का मारून आणायचा होता.

पोतनीसांबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांच्या केबिनमध्ये 'दर्जा हाच धर्म' अशी पाटी होती आणि तिच्याखाली ते बसत. पाटी त्यांच्या पाठीमागे असल्यामुळे त्यांना ती कधी दिसली नसावी.

पहिल्या भेटीत मी मोठ्या उत्साहानं आपांना सांगितलं, की दोष शोधण्यासाठी मी कोडमध्ये एक ओळ घातली होती, 'इथपर्यंत आलो' असं छापणारी. गंमत म्हणजे ती ओळ घातल्यापासून पंप एकदाही गप्प बसला नव्हता. तीन दिवस, वीस पंप, भोंगा दर वेळी. ओळ काढली की पुन्हा भीती. हे ऐकून पोतनीस म्हणाले होते, "मग राहू दे ना ती ओळ! कुणाचं काय खाते?" तोच माझा पॅच होता. एक ओळ. 'इथपर्यंत आलो.'

आपांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे बघितलं.

"छापायला येळ लागतो. येवढा येळ लागला म्हनून दुसरा आधी पोचला. बरोबर?"

"हो."

"म्हंजे तू दरवाजा बसवला नायस. चोराला फक्त ट्रॅफिकमधी अडकवलास." मग कागद परत देत म्हणाल्या, "आन तुझ्या सायबाला सांग, इथपर्यंत आलास, आता इथनं जा."

तरीही त्यांनी मला जाऊ दिलं नाही. बसवलं, भाभींना चहा टाकायला सांगितलं आणि तीन प्रश्न विचारले. हे तीन प्रश्न त्या प्रत्येकाला विचारत. परदेशातल्या बड्या धेंडांनाही हेच. "कोन झोपलंय? कोन उठवतंय? दोघांच्या मधी कोन शिरू शकतं?" माझ्या कोडमध्ये झोपलेला होता भोंगेवाला आणि त्याला उठवणारा नळीचा सेन्सर. भोंगेवाला आधी बघायचा, नळी तुंबलीय का. तुंबली नसेल तर झोपायचा. सेन्सर काय करायचा, नळी तुंबली की पाटी लावायचा, 'तुंबली', आणि झोपलेल्याला हलवायचा.

"आता ह्यो बघ," आपा पांढऱ्या आणि पिवळ्या पट्ट्या सरकवत म्हणाल्या. "भोंगेवाल्यानं बघितलं. पाटी नाय. त्यो झोपायला निगाला. अजून झोपला नाय. तेवढ्यात सेन्सरनं पाटी लावली, हलवायला गेला, तर कोनी झोपलेलंच नाय. मंग कोनाला हलवनार? गेला आपल्या वाटंनं. आन हा शाना आता झोपला. पाटी लागलीय, उठवनारा येऊन गेलाय, आन हा घोरतोय." पट्ट्या टेबलावर तशाच होत्या. चार पांढऱ्या, दोन पिवळ्या. या घोरण्याच्या टोकाला पलंगावर कुणीतरी पडलेलं असणार होतं.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मी सुधारणा करून नेली होती. भोंगेवाल्यानं एकदा बघायच्या ऐवजी दोनदा बघायचं. आपांनी कात्री उचलली, पट्ट्या कापल्या, मांडल्या, आणि पाच मिनिटांत दुसऱ्या बघण्याच्या नंतर सेन्सर घुसवून दाखवला. "धा वेळा बघ. शेवटचं बघनं आन झोपनं यांच्यामधी फट राहनारच. तू फट बारीक केलीस. बारीक फटीतनं साप येत नाय का?" भाभी पदरानं वारा घेत म्हणाल्या, "त्याला सरळ सांग ना काय करायचं ते. पोर घामानं भिजलंय." आपा म्हणाल्या, "सांगितलं तर ह्यो माझा कोड व्हईल. मंग तपासनार कोन?"

हा त्यांचा दुसरा कायदा. ज्यात त्यांची एक ओळ असेल, त्याखाली त्या तपासणारा म्हणून नाव देत नसत. आणि नाव द्यायचं झालं तर दर वेळी स्वतः टाइप करत, एकेक अक्षर. एकदा मी म्हटलं, "आपा, कॉपी-पेस्ट करा की." त्या म्हणाल्या, "निकाह कबूल करताना कोन टेप लावतं का?" एवढंच त्यांच्याकडे होतं, ते नाव. पद नाही, ऑफिस नाही, हाताखाली माणसं नाहीत. बारा देशांतले लोक ज्याच्यावर डोळे मिटून विसंबतील अशी एक ओळ, आणि ती त्यांनी फार जपून खर्च केली.

एकदा त्या मला लॅपटॉपवर एक जुनी चर्चा दाखवत होत्या. कुणा फार मोठ्या परदेशी माणसानं पॅच पाठवला होता. आपांचं उत्तर एका शब्दाचं : 'का?' त्यानं तीन परिच्छेद लिहिले. आपांनी परत लिहिलं, 'का?' दोन दिवसांनी तो आला आणि म्हणाला, मला वाटलं होतं मला माहीत आहे, माहीत नव्हतं, पॅच मागे घेतो, आभारी आहे. मला वाटलं आपा यावर खूश असतील. त्या म्हणाल्या, "त्याला लाज हाय. म्हनून त्यो मोठा. तुमच्या हापिसात कोनाला हाय?" मी आमच्या ऑफिसातली माणसं मनात एकेक आठवून पाहिली आणि विषय बदलला. स्वतःला त्या यादीत धरायचं मला सुचलं नाही.

तिसऱ्या वेळी मला बरोबर क्रम सापडला. भोंगेवाल्यानं आधी जाहीर करायचं, 'मी झोपतोय'. मग पाटी बघायची. मग झोपायचं. म्हणजे मध्ये सेन्सर आला तरी त्याला कोणाला हलवायचं ते कळेल, आणि जाहीर केल्यावर ज्याला हलवलं तो मग झोपतच नाही. मी भलताच खूश होतो. शुक्रवार होता. सोमवारी पंप निघायचे होते, खोकी बांधून गोदामात तयार होती, आणि पोतनीस दर अर्ध्या तासानं माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहत होते. भिसेगावला जायला वेळ नव्हता, म्हणून मी आपांना पॅच मेलवर पाठवला आणि फोन लावला. त्या रोज पळसदरीच्या धरणावर चालायला जात, तिथे होत्या. मोबाइलवर वाचला असावा. म्हणाल्या, "क्रम आता बरोबर हाय. पन..." आणि फोन तुटला. तिथे रेंज अशीच येते-जाते.

मी 'पण' ऐकला होता. ऐकू आला नाही असं मी आजवर पोतनीसांना, बायकोला, आणि बरीच वर्षं स्वतःलाही सांगितलं. ऐकला होता. पाच मिनिटांनी परत फोन लावला असता तर लागला असता. पण पोतनीस खुर्चीमागे होते. "काय म्हणाल्या?" "क्रम बरोबर आहे म्हणाल्या." "झालं तर मग!" मी एक जुनी मेल उघडली, तिच्यातून एक ओळ उचलली आणि माझ्या पॅचखाली चिकटवली. 'तपासलं : साबिरा मुकादम.' कॉपी-पेस्ट. पॅच जगासमोर गेला आणि पोतनीसांनी ऑफिसला वडापाव मागवले. मी दोन खाल्ले.

आपांचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं, सगळ्यांसमोर, शुद्ध भाषेत. 'हा पॅच मी तपासलेला नाही. खालचं नाव माझं आहे, पण ते मी लिहिलेलं नाही.' माझं नाव नाही, शिवी नाही, उद्गारचिन्हसुद्धा नाही. तासाभरात हॉस्पिटलचा फोन आला आणि खोकी गोदामात जिथल्या तिथे राहिली.

रविवारी पोतनीस मला गाडीत घालून भिसेगावला निघाले. हातात सुक्यामेव्याचा डबा आणि पुष्पगुच्छ, वाढदिवसाला जावं तसे. वाटेत मला म्हणाले, "बायकामाणसं हळवी असतात, संदेश. माफी मागितली की विरघळतात." माझ्यात त्या वेळी 'साहेब, गप्प बसा' एवढं म्हणायचाही दम नव्हता.

आपांनी त्यांना टेबलाशी बसवलं. पंखा बंद. डबा आणि गुच्छ भाभींनी उचलून कपाटावर ठेवला. टेबलावर माझ्या पॅचच्या पट्ट्या होत्या.

"मॅडम, एक छोटासा गैरसमज..." पोतनीसांनी सुरुवात केली.

"कोण झोपलं आहे?" आपांनी विचारलं. झोपलं आहे. मी चपला कुठे काढल्यात ते बघून घेतलं.

"सॉरी?"

"तुमच्या पंपात कोण झोपलं आहे? कोण उठवतं? मध्ये कोण शिरू शकतं?"

पोतनीसांनी रुमाल काढला. "हे टेक्निकल आमची टीम बघते. पण मी आपल्याला गॅरंटी देतो, आम्ही तीन दिवस, वीस पंप..."

"तीन दिवस तुमच्या घरात चोर आला नाही. तुम्ही कुलूप लावता का?"

"लावतो, पण..."

"हाच 'पण' मी शुक्रवारी म्हटला होता," आपा म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पोतनीसांना एवढं कळलं, की बाई विरघळत नाहीत. ते म्हणाले, सबंध माल अडकलाय, त्यांच्या एका ओळीमुळे. आपा म्हणाल्या, "माझ्या ओळीमुळे नाही. माझी म्हणून जी लावलीत, तिच्यामुळे." मग घामानं चिकटलेला शर्ट सोडवत साहेब उठले आणि गाडीत जाऊन एसी लावून बसले. मला त्यांनी ये म्हटलं नाही, की नको म्हटलं नाही.

मी उठायच्या आत आपांनी कात्री माझ्यासमोर ठेवली. "काप."

माफी मागायची माझी दोन वाक्यं तयार होती. ती त्यांनी ऐकूनच घेतली नाहीत. मी तोच पॅच पुन्हा कापला, पांढऱ्या आणि पिवळ्या पट्ट्या मांडल्या, सगळे क्रम लावून पाहिले. तासभर. प्रत्येक क्रमात भोंगा वाजत होता. मी म्हटलं, "आपा, बरोबर येतंय." त्यांनी दोन बोटांनी माझ्या दोन पांढऱ्या पट्ट्या उचलल्या, 'मी झोपतोय' आणि 'पाटी बघ', आणि त्यांची अदलाबदल केली.

"पण तसं लिहिलेलं नाहीये मी."

"तू लिहिलं नाहीस. पण प्रोसेसर तुझ्या लिहिण्याचा गुलाम आहे का? त्याला घाई असते. एक काम अडलं की तो पुढचं आधी उरकून घेतो. मध्ये 'आधीचं पूर्ण होईपर्यंत पुढे जायचं नाही' अशी एक ओळ घातल्याशिवाय तुझा क्रम फक्त कागदावर."

अदलाबदल केलेल्या पट्ट्या टेबलावर तशाच होत्या. पाटी लागलेली, उठवणारा येऊन गेलेला, आणि भोंगेवाला झोपलेला. तीच जुनी झोप. ही सोमवारी खोक्यांतून निघून पेशंटांच्या उशाशी गेली असती, आणि खाली नाव असतं त्यांचं. त्यांच्या समोर मी रडलो हे सांगायला मला लाज वाटत नाही. लाज वाटायची गोष्ट शुक्रवारीच करून झाली होती. भाभींनी पाणी आणून ठेवलं. पंखा लावा असंही त्या दिवशी त्या म्हणाल्या नाहीत.

ती ओळ घातली, भोंगेवाला आणि सेन्सर, दोन्ही बाजूंना घातली. आठवड्यानं चौथा पॅच छापून घेऊन गेलो. आपांनी सकाळपासून दुपारपर्यंत पट्ट्या मांडल्या आणि शेवटी म्हणाल्या, "बरोबर हाय." आणि वर, "'पन' नाय, काय नाय." गावचं बोलल्या, म्हणून मला हिंमत आली. म्हटलं, "मग आपा, नाव...?"

"नाव नाय देनार."

"पण आता तर बरोबर आहे ना?"

"याच्याखाली एकदा खोटं लागलंय. आता खरं लिवलं तरी वाचनाऱ्याला कसं कळनार कुठलं खरं ते?"

पॅच शेवटी कुणा अनोळखी माणसानं, कुठल्याशा थंड देशात बसून, तीन आठवड्यांनी तपासला. तोवर खोकी गोदामात राहिली आणि पोतनीसांनी ऑफिसात माझ्याशी बोलणं टाकलं, हा त्या प्रकरणातला माझा एकमेव फायदा. पंप गेले. भोंगे वाजतात. पोतनीसांना पुढे बढती मिळाली आणि 'दर्जा हाच धर्म'ची पाटी त्यांच्याबरोबर मोठ्या केबिनमध्ये गेली.

आपांचं काय झालं ते मला सावकाश कळलं. पुढच्या महिन्यात त्यांनी दुसऱ्या कुणाच्या पॅचखाली नाव लिहिलं, तर खाली एकानं अगदी अदबीनं विचारलं, 'बाई, हे नाव तुम्हीच लिहिलंय ना? मागच्या प्रकारामुळे विचारतो.' आपांनी उत्तर दिलं, 'होय.' पुढच्या वेळी दुसऱ्यानं विचारलं. तेव्हाही 'होय.' तिसऱ्यांदा विचारलं तेव्हाही तेच उत्तर दिलं. चौथ्यांदा नाव लिहायची वेळ त्यांनी येऊच दिली नाही. ज्या नावाला दर वेळी साक्षीदार लागतो ते त्यांच्या लेखी नाव नव्हतं. त्या विचारणाऱ्यांची काही चूक नव्हती. त्यांना विचारायला लावणारा मी होतो.

वर्षभर मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. मग एका दुपारी गेलो. मी नवीन नोकरी धरली होती, आणि बरोबर एक नवा पॅच होता, छापलेला, दोन रंगांच्या कागदांवर. ओटीवर पाय ठेवला आणि पहिल्यांदा जाणवलं ते वारं. पंखा चालू होता, पाचवर. टेबलावर परात आणि आपा व भाभी मोड आलेले वाल सोलत बसलेल्या. टेबलावर कागदाचा कपटाही नाही. कात्री भाभींच्या शिवणाच्या डब्यात.

"ये रं संदेश," भाभी म्हणाल्या. "बस. आता बग कसं घर घरासारखं वाटतंय." 

आपा वाळल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातले कागद बघितले, मग पंख्याकडे बघितलं आणि वाल सोलत राहिल्या. मीही चार वाल सोलले. इकडचं तिकडचं बोललो. रिसॉर्टवाल्याचा फोन अजून येतो का, वगैरे. उठताना कागद टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवत म्हटलं, "आपा, जमलं तर बघा."

"माझं नाव मिळायचं नाय."

"नावासाठी नाही आणलं."

त्यांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. मी चपला घातल्या, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो असेन नसेन, आणि मागून भाभींचा आवाज आला, अख्ख्या भिसेगावाला ऐकू जाईल असा. "परत बंद केलास गं पंखा?"

मी मागे फिरलो नाही. संध्याकाळी मेल आली, फक्त मला. 'सतरावी पट्टी. का?' तीन दिवस मला उत्तर येत नव्हतं, आणि चौथ्या दिवशी मी पॅच मागे घेतला, कारण मला वाटलं होतं मला माहीत आहे. माहीत नव्हतं. पावसाळा संपता संपता आपा गेल्या, त्यामुळे ती भेट शेवटची आणि ती मेलही. अजून माझ्याकडे आहे. खाली नाव नाही. त्यांनी ते लिहिलं नाही ते एका परीनं बरंच झालं. माझ्या हाती त्यांचं नाव द्यावं असा मी माणूस नव्हतो, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.